जबाबदार धरले जाणार नाही

आईची नारायणपेठी साडी लाँड्रीत हरवली, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने शांतपणे पावती उलटी करून माझ्यापुढे सरकवली. "काकू, मागं लिहिलंय बघा." मागे मुंगीएवढ्या अक्षरांत होतं : कपडे हरवल्यास वा खराब झाल्यास दुकान जबाबदार धरले जाणार नाही.

अठ्ठावीस वर्षं मी न्यायालयात भाषांतराचं काम केलं. साडीचं वाईट वाटलंच, पण नजर अडकली 'धरले'वर. दुकानाला कोण धरणार नाही? पोलीस, न्यायाधीश की मी? वाक्यात माणूसच नाही. आमच्या आजीने अशा वेळी सरळ विचारलं असतं, "साडी भरून देणार की नाही, ते सांग." त्या मराठीत देणारा होता आणि घेणारा होता. हे वाक्य दुसरीकडून आलंय, हे मला ठाऊक होतं, कारण असली वाक्यं इंग्रजीतून मराठीत आणण्याचाच मी पगार घेत होते.

त्याचं मूळ गाव इंग्लंडातल्या मालवाहू गाड्यांच्या अड्ड्यावर सापडतं. भाड्याने माल नेणाऱ्या गाडीवानावर तिथला जुना कायदा भलताच कडक होता. दैवी आपत्ती किंवा राजाच्या शत्रूची धाड, एवढी दोन कारणं सोडली तर माल गेला की भरपाई गाडीवानाची. १७८५ सालच्या एका खटल्यात बिअरसाठी लागणारी हॉप्सची फुलं आगीत जळाली. आग गाडीवानाने लावलेली नव्हती, त्याचा हलगर्जीपणाही नव्हता. तरी न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी त्यालाच भरायला लावलं. भीती अशी, की सूट दिली तर गाडीवान चोरांशी संगनमत करतील आणि मालकाला ते कधीच सिद्ध करता येणार नाही.

गाडीवानांनी यावर भिंतीचा उपाय काढला. कचेरीत पाटी लावायची : अमुक पौंडांवरच्या मालाची किंमत आधी सांगून जादा पैसे भरले नाहीत, तर गाडीवान जबाबदार राहणार नाही. मग कोर्टात वाद सुरू. पाटी गिऱ्हाइकाने वाचली होती का? त्याला वाचता येत होतं का? कंटाळून संसदेने १८३० साली कॅरियर्स अ‍ॅक्ट केला. सोनं, घड्याळं, काच, रेशीम, लेस अशा मौल्यवान वस्तू दहा पौंडांहून जास्त किमतीच्या असल्या तर त्या आधी सांगायच्या, नाहीतर गाडीवान सुटला. बदल्यात त्याच कायद्याने भिंतीवरच्या पाटीचे दात काढले. नुसती जाहीर पाटी लावून जबाबदारी झटकता येणार नाही. मात्र गिऱ्हाइकाशी खास करार करायला मोकळीक ठेवली.

ती मोकळीक रेल्वे कंपन्यांनी अचूक हेरली. पाटी भिंतीवरून उतरली आणि तिकिटाच्या पाठीवर जाऊन बसली. तिकीट घेतलं म्हणजे करार झाला, असं त्यांचं म्हणणं. पार्कर नावाच्या गृहस्थांनी लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनवर दोन पेन्स देऊन बॅग ठेवली. तिकिटावर छापलं होतं, 'मागे पाहा'. मागे लिहिलेलं, की दहा पौंडांवर कंपनी जबाबदार नाही. बॅग गेली, आणि तिची किंमत होती साडेचोवीस पौंड. १८७७ साली अपील न्यायालयाने निकाल दिला तो असा : गिऱ्हाइकाने मागचं वाचलं की नाही हा प्रश्न नाही, ते त्याच्या नजरेस यावं म्हणून कंपनीने पुरेशी खटपट केली का, हा प्रश्न. खटला पुन्हा चालवायला पाठवला. म्हणजे 'मागं लिहिलंय बघा' म्हणताना माझ्या लाँड्रीतल्या पोराने नकळत दीडशे वर्षांपूर्वीचंच वाक्य उच्चारलं होतं.

१९३० सालचा थॉम्प्सनबाईंचा खटला वाचून मला अजून चीड येते. बाईंना वाचता येत नव्हतं. भाचीने काढून आणलेल्या तिकिटावर त्या डार्वेनहून मँचेस्टरला सहलीला गेल्या. परतताना गाडी फलाटाच्या पुढे जाऊन थांबली, बाई उतरताना पडल्या आणि त्यांना लागलं. तिकीट म्हणे मागे पाहा. मागे म्हणे वेळापत्रक पाहा. वेळापत्रकाच्या ५५२व्या पानावर अट, की इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही. वेळापत्रकाची किंमत सहा पेन्स, तिकीट दोन शिलिंग सात पेन्सचं. म्हणजे आपला हक्क कसा गेला, हे समजून घ्यायला तिकिटाच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतके पैसे आणखी मोजायचे. बाई हरल्या. निष्काळजीपणामुळे मृत्यू किंवा शारीरिक इजा झाल्यास अशी अट चालणार नाही, हे तिथल्या कायद्यात स्पष्ट यायला १९७७ साल उजाडलं.

आपल्याकडे कॅरियर्स अ‍ॅक्ट आला १८६५ साली. दहा पौंडांच्या जागी शंभर रुपये. त्याच्या पाच वर्षं आधी, १८६० साली, मेकॉलेच्या मसुद्यावरून घडलेली भारतीय दंड संहिता मंजूर झाली होती आणि ती मराठीत आणताना या वाक्यांची खरी पंचाईत दिसली. इंग्रजी कायदा 'शॅल बी पनिश्ड' आणि 'शॅल बी लायेबल टु फाइन' असे दोन वेगळे प्रयोग करतो. पहिल्यात शिक्षा द्यायचीच आहे, दुसऱ्यात दंड होऊ शकतो, करायचा की नाही ते न्यायाधीश पाहील. मराठीत 'शिक्षा होईल' आणि 'दंडास पात्र होईल'. माझ्या टेबलासमोर बसलेल्या एका शेतकऱ्याने 'शिक्षा होईल' ऐकून विचारलं होतं, "म्हणजे ठरलंच का, बाई?" मराठीत 'होईल' हा हुकूमही असतो आणि ज्योतिषाचं भाकीतही.

'होईल' निदान आपलं तरी. 'पोलिसांकडून चोर पकडला गेला' या वळणाला शाळेतल्या व्याकरणात 'नवीन कर्मणी' म्हणतात आणि ते इंग्रजीच्या छायेत आलं हेही तिथेच शिकवतात. 'जबाबदार धरले जाणार नाही' हे त्याच कुळातलं. गंमत अशी, की आपलं स्वतःचं असं एक वळण होतं. शिवकालीन पत्रांच्या शेवटी येणारं 'जाणिजे' आठवा. करिजे, दीजे, जाणिजे : व्याकरणात याला पुराण कर्मणी म्हणतात. हुकमाचा हुकूम, अदब राखून, एका शब्दात. ते आपण विसरलो आणि दीड ओळीचं 'कारवाई करण्यात येईल' घेऊन बसलो. सर्वस्वी इंग्रजांचा दोष नाही. १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी मराठी घडवताना आम्हीच मूळ इंग्रजी शब्दाला शब्द जुळतोय ना, एवढंच पाहिलं. कोर्टात वकील दोन्ही प्रती शेजारी ठेवून ताडून बघतात. कर्ता सापडला नाही म्हणून मी पदरचा घातला असता तर माझी नोकरी गेली असती.

खरेदीखतात मात्र जुनी रीत टिकली. तिथे अजून 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' आहेत, आणि पुढे काही वांधा निघाल्यास त्याचं निवारण मी करून देईन, असं देणाराच लिहितो. 'जबाबदार' हा फारसीतून आलेला शब्दही तसाच, जबाब देणारा. इंग्रजीतल्या 'रिस्पॉन्सिबल'च्या मुळाशीही उत्तर देणंच आहे. 'लायेबल'च्या मुळाशी बांधणं आहे. तिन्ही शब्दांत एक माणूस उभा आहे, आणि पावतीच्या वाक्याने त्यालाच बाहेर काढलंय.

आपल्या न्यायालयांनी या पावत्यांना नेहमीच मान दिला असं नाही. मद्रास उच्च न्यायालयापुढे साठीच्या दशकात लाँड्रीच्या पावतीचाच खटला आला. साडी हरवल्यास किमतीचा छोटासा हिस्सा मिळेल, अशी मागे छापलेली अट न्यायालयाने सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवली. अशा अटी मानल्या तर लोकांचे कपडे स्वस्तात गिळंकृत करायची सोय होईल, हा त्यातला मुद्दा. १९९८ साली दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या वाहनतळावरून मारुती झेन चोरीला गेली. किल्ली कर्मचाऱ्याकडे, आणि हाती दिलेल्या चिठ्ठीवर तेच शब्द : व्यवस्थापन जबाबदार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलं, की स्वतःचा निष्काळजीपणा अशा चिठ्ठीमागे लपवता येणार नाही. एकवीस वर्षं लागली, तीही मोटारीच्या खटल्याला. साडीसाठी कोण जाणार?

मी दुसऱ्या दिवशी लाँड्रीच्या मालकांना गाठलं आणि मागचं वाक्य कुणी लिहिलं ते विचारलं. ते गोंधळले. "आम्ही कुठलं लिहितोय, ताई. छापखान्यात तयार असतं. वर फक्त दुकानाचं नाव बदलून देतात."