तान्ह्या बाळाचं दुखणं ओळखताना

गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब संपला की आमचं बोलणं बाळंतपणावर येतंच. म्हणून आज थोडा इतिहास सांगणार आहोत. राजांचा नाही, लढायांचाही नाही. तान्ह्या बाळाचं दुखणं ओळखायला आपण कसकसं शिकलो, त्याचा.

आपल्याकडे पाचवी पुजतात. कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असं आजी-पणजी सांगत आल्या. त्या रात्री दिवा विझू देत नाहीत, बायका जागतात. त्या जागण्यात भीती होती आणि ती खोटी नव्हती. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाळं पहिल्या आठवड्यातच जातात, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे जंतुसंसर्ग. तो रक्तात पसरला की डॉक्टर त्याला सेप्सिस म्हणतात.

हा आजार ओळखणं अवघड असतं. मोठ्या मुलाला ताप चढतो, ते कण्हतं, दुखतं ते सांगतं. तान्हं बाळ कधी तापतं, तर कधी उलट गार पडतं. अंगावर पिणं सोडतं, रडणं क्षीण होतं, हातपाय ढिले पडतात. घरच्यांना वाटतं, बाळ शांत झोपलंय.

ही लक्षणं गावातल्या बाईला ओळखता येतील का, हा प्रश्न गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं घेतला. १९९५ पासून ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप मोजत, घड्याळ लावून श्वास मोजत. ठरवून दिलेल्या लक्षणांपैकी दोन एकाच वेळी दिसली की सेप्सिस समजायचा. घरच्यांना दवाखान्यात न्यायला सांगायचं. ते जमत नसेल आणि घरच्यांची संमती असेल, तर १९९६ पासून त्या स्वतः घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडानं औषध देऊ लागल्या. आधी सेप्सिस झालेल्या शंभर बाळांतली सुमारे १७ दगावत होती, उपचार सुरू झाल्यावर सुमारे ३. हा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथं ना प्रयोगशाळा होती, ना मोठं यंत्र. निदान झालं ते बायकांच्या नजरेनं आणि नियमित भेटींनी.

मग काळ बदलला. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. २००३ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी खास कक्ष उघडला होता. पुढं देशभर जिल्हा रुग्णालयांत असे कक्ष झाले, त्यांना एसएनसीयू म्हणतात. २०११ पासून आशाताईही घरी येऊन नवजात बाळ तपासू लागल्या. म्हणजे ओळखण्याच्या कामात आता दवाखानाही आला.

पण दवाखाना तयार आहे का, हा पुढचा प्रश्न. नुसती खाट आणि काचेची पेटी असून भागत नाही. कोणता जंतू आहे हे कळायला रक्ताचं कल्चर करावं लागतं. त्यासाठी बाळाचं साधारण एक मिलिलिटर रक्त, शक्यतो औषधाचा पहिला डोस देण्याआधी, स्वच्छ हातानं खास बाटलीत घ्यावं लागतं. ती बाटली ऊब देणाऱ्या यंत्रात ठेवतात, जंतू वाढायला दोन-तीन दिवस जातात. बाटली हवी, यंत्र हवं, वीज हवी, वाचणारा जाणकार हवा. यातलं एक जरी नसेल तरी डॉक्टरांना अंदाजानं औषध द्यावं लागतं. बाळ गंभीर असेल तर तसं लगेच देणं बरोबरच आहे, कारण अहवालाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. पण पुढं ते औषध बदलायचं की थांबवायचं, हे अहवालाशिवाय नीट ठरत नाही.

त्याची किंमत दिल्लीत दिसली. २०११ ते २०१४ या काळात तिथल्या तीन मोठ्या रुग्णालयांत अतिदक्षता कक्षातल्या १३,५३० बाळांचा अभ्यास झाला. १,९३४ बाळांना सेप्सिस ठरला, पण कल्चरमध्ये जंतू सापडला तो ८४० बाळांतच. म्हणजे चांगल्या प्रयोगशाळेतही निम्म्याहून जास्त वेळा लक्षणांवरच भरवसा ठेवावा लागला. आणि सापडलेले पुष्कळ जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. मोठ्या शहरात हे, तर आपल्या ग्रामीण रुग्णालयाचं काय?

या इतिहासातून आम्हांला एवढं दिसतं, की घरची नजर आणि दवाखान्याची तपासणी दोन्ही लागतात. एकीनं दुसरीची जागा भरत नाही.

म्हणून गटात दोन गोष्टी ठरवू या. पहिली, लक्षणं पाठ करू या. बाळ नीट पीत नाही, झटके येतात, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, अंग तापलंय किंवा गार पडलंय, हलवल्याशिवाय हालचाल नाही. यातलं एकही दिसलं तर पहाटेची वाट पाहायची नाही. १०२ किंवा १०८ ला फोन करायचा आणि बाळाला छातीशी उबदार धरून न्यायचं.

दुसरी, ग्राम आरोग्य समितीत आणि रुग्ण कल्याण समितीत विचारायचं: आपल्या रुग्णालयात बाळाच्या रक्ताचं कल्चर होतं का? होत नसेल तर नमुना कुठं जातो, अहवाल किती दिवसांत येतो? बाटल्या शिल्लक आहेत का? सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाची तपासणी, औषधं आणि वाहन मोफत असतं, तो आपला हक्क आहे.

बचत गटात आपण पै-पैचा हिशोब विचारतो. तसाच हाही विचारू या.