गाडीचालक व गार्ड यांचा संकेतव्यवहार

धावत्या आगगाडीच्या अग्रभागी इंजिनावर असलेला चालक आणि तिच्या शेवटी ब्रेकव्हॅनमध्ये असलेला गार्ड यांनी गाडीची स्थिती, पुढील हालचाल व संकट एकमेकांस कळविण्यासाठी वापरावयाच्या शिट्ट्या, झेंड्या, दिवे, घंटा, ब्रेकनळीतील दाब व बिनतारी संभाषण यांची नियमबद्ध पद्धती. भारतात ती रेल्वेच्या 1976 च्या सामान्य नियमांनी व त्यांस जोडून क्षेत्रीय रेल्वेंनी केलेल्या पूरक नियमांनी बांधलेली आहे. चालकास आता दप्तरी लोको पायलट, उपनगरी गाडीवर मोटरमन, आणि गार्डास जानेवारी 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. फलाटावर जुनी नावेच चालू असल्यामुळे या नोंदीतही ती कायम ठेवली आहेत.

चोवीस डब्यांची प्रवासी गाडी अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब असते, आणि वळणावर, डोंगर फोडून काढलेल्या खिंडीत किंवा श्रावणातल्या पावसात तिची दोन टोके एकमेकांस दिसत नाहीत. अधिकारही असाच दुभागलेला आहे : इंजिन चालकाच्या हाती, परंतु गाडी गार्डाच्या ताब्यात, सुटणे, थांबणे व वाहतुकीच्या सोयीसाठी हलणे या बाबतींत चालकाने गार्डाचा हुकूम मानावा असा नियम आहे. जी माणसे परस्परांस पाहू शकत नाहीत त्यांच्यावर हजार-दीड हजार उतारूंच्या जिवाचा भार असल्यामुळे या व्यवहारात उत्तराला, म्हणजे पोच मिळण्याला, मूळ इशाऱ्याइतकेच महत्त्व आहे. ज्याची पोच आली नाही तो इशारा पोचलाच नाही असे धरून वागावयाचे, हे या संपूर्ण पद्धतीचे मर्म होय.

सर्व डब्यांस एकाच वेळी लागणारा अखंड ब्रेक नव्हता त्या काळात इंजिनावरून गाडी पुरेशी आवरता येत नसे. चालकाने शिट्टी द्यावी आणि ब्रेकच्या डब्यांतील माणसांनी ती ऐकून हातब्रेक आवळावेत, अशी रीत होती. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे या सपाट वाटेवर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली प्रवासी गाडी धावली. पुढे 1863 मध्ये बोरघाट व 1865 मध्ये थळघाट खुला झाल्यावर, 37 फुटांस 1 फूट अशा उतारावर, या शिट्टीचे मोल किती होते ते सांगावयास नको. आयर्लंडमधील आर्मा येथे 12 जून 1889 रोजी चढावर गाडी सोडवून मागे ठेवलेले डबे घरंगळत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले, व त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांस अखंड ब्रेक सक्तीचा केला. ब्रेकची नळी इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गेली, तेव्हा चालक व गार्ड यांच्यामध्ये संदेशाची एक नवी वाटही आपोआप तयार झाली.

गाडी सुटण्याचा क्रम असा. निर्गम सिग्नल मिळतो, स्टेशन मास्तरची परवानगी होते; गार्ड डब्यांची दारे, फलाटावरील गर्दी व आपल्या ब्रेकव्हॅनमधील दाबमापक पाहतो (वायुब्रेकच्या गाडीत इंजिनापाशी ब्रेकनळीचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 5 किलोग्रॅम असतो व शेवटच्या डब्यापर्यंत तो किंचित कमी होत येतो); मगच तो तोंडाची शिट्टी वाजवून दिवसा हिरवी झेंडी व रात्री हिरवा हातदिवा हालवितो. चालक शिट्टीने पोच देऊन गाडी काढतो, आणि गाडी चालू लागल्यावर इंजिनावरून मागे पाहतो. तेथे गार्ड पुन्हा हिरवी झेंडी धरून उभा असला पाहिजे. ही दुसरी देवघेव परक्यास निरर्थक वाटेल. परंतु चालत्या गाडीत चढताना कोणी पडला, एखादा डबा मागे राहिला किंवा खुद्द गार्डच फलाटावर राहिला, तर ते कळावयाची जागा हीच.

शिट्ट्यांची परिभाषा लहान व लांब आवाजांच्या जुळणीने बनलेली आहे. दोन लहान शिट्ट्या म्हणजे गार्डाच्या इशाऱ्याची मागणी. तीन लहान म्हणजे ब्रेक लाव, गाडी आवरत नाही. एक लांब व एक लहान म्हणजे ब्रेक सोड. दोन लहान व एक लांब ही जुळणी साखळी ओढली गेली असता किंवा ब्रेकनळीतील दाब अकारण उतरला असता ऐकू येते, आणि दोन लांब व दोन लहान ऐकताच गार्डाने इंजिनापाशी यावयाचे असते. यांतील सर्वांत गंभीर इशारा चार लहान शिट्ट्यांचा : गाडी पुढे जाऊ शकत नाही, मागची बाजू राख. तो ऐकून गार्ड लाल झेंडी किंवा दिवा व फटाके घेऊन रुळाने मागे चालू लागतो. ब्रॉडगेजवर 600 मीटरवर एक व 1200 मीटरवर, सुमारे दहा दहा मीटरच्या अंतराने, तीन फटाके रुळास बांधतो. मागून येणाऱ्या इंजिनाचे चाक त्यांवरून गेले की स्फोट होतो आणि त्या चालकास धुक्यातही संकट कळते. काळोखात, खडीवरून, एकट्याने करावयाच्या या कामगिरीची जाणीव फार थोड्या प्रवाशांस असते.

गार्डाकडून चालकाकडे जाणाऱ्या इशाऱ्यांची अडचण निराळी आहे, कारण चालकाची दृष्टी पुढे लागलेली असते. अन्य साधन नसेल तर गार्डाने आपला हातब्रेक एकदम आवळून तितक्याच झटक्याने सोडावा, म्हणजे बसलेल्या हिसक्याने चालक मागे वळून पाहील, आणि मग त्यास हाताचा इशारा करावा, असे नियम सांगतो. अखंड ब्रेकच्या गाडीत निकड असेल तर गार्ड आपल्या झडपेने दाब हळूहळू उतरवून गाडी थांबवू शकतो. एकदम उतरवू नये अशी ताकीद आहे. इंजिनातील काटा खाली येताना दिसला की चालकास गार्डाने ब्रेक लावला, साखळी ओढली गेली किंवा नळी सुटली, यांपैकी काहीतरी घडल्याचे उमगते.

गाडी मध्येच तुटली तर चालक लांब-लहान-लांब-लहान अशी शिट्टी देतो, आणि गार्ड दिवसा हिरवी झेंडी जितकी उंच व जितकी खाली नेता येईल तितकी उभ्या रेषेत हालवितो. येथे लाल झेंडी का नाही, हा प्रश्न नवख्यास पडतो. ब्रेकनळी नसलेल्या जुन्या मालगाडीत तुटलेला मागला भाग स्वतःच्या वेगाने धावत असे. पुढला भाग थांबविला तर मागला त्यावर येऊन आदळावयाचा. म्हणून चालकाने पुढे चालत राहावे व गार्डाने आपला भाग हातब्रेकने आवरावा, यातच सुरक्षितता होती.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत हाच व्यवहार घंटेवर आला आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची गाडी सुरू झाली. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांस सारखीच केबिन असते. जातानाची गार्डाची जागा परतीच्या फेरीत मोटरमनची होते. घंटेचा एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गर्दीच्या वेळी फलाटावर मिळणाऱ्या अर्ध्या मिनिटाहूनही कमी अवधीत गार्ड केबिनच्या दारातून गाडीच्या लांबीवर नजर टाकतो, बटण दोनदा दाबतो, आणि मोटरमन तेच दोन ठोके परत देऊन गाडी हालवितो. दारात लोंबकळणाऱ्या मुंबईकराचा जीव या दोन ठोक्यांआधीच्या एका नजरेवर अवलंबून असतो, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

कर्जत-लोणावळा व कसारा-इगतपुरी या चढांवर गाडीस मागून रेटा देणारी बँकर इंजिने जोडतात. तेव्हा गार्डाच्याही मागे इंजिने येतात व संवाद तिहेरी होतो : पुढला चालक एक लहान शिट्टी देऊन आपण तयार असल्याचे कळवितो, बँकरचा चालक तशीच शिट्टी देऊन पोच देतो, मग दोघे जोर लावतात. पोच येण्यापूर्वी एकाने ओढले किंवा रेटले तर कपलिंगवर भलताच ताण पडतो.

अलीकडे चालक व गार्ड या दोघांजवळही वॉकीटॉकी असतात, आणि बोलण्याने पुष्कळ दिरंगाई टळली आहे हे निःसंशय. परंतु एकाच वाहिनीवर आसपासच्या अनेक गाड्यांची बोलणी ऐकू येतात. गाडीचा क्रमांक सांगितल्यावाचून दिलेला हुकूम भलत्याच चालकाने उचलण्याचा धोका असतो. त्यामुळे झेंडी, दिवा व शिट्टी नियमांतून गेलेली नाहीत, आणि ती जाऊ नयेत असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मालगाडीच्या शेवटच्या वाघिणीस दूरमापन यंत्र लावून ब्रेकनळीचा दाब व गाडी अखंड असल्याची खूण बिनतारी मार्गाने इंजिनात पोचवावी, व गार्डाची नेमणूक वगळावी, अशी तजवीज सुरू असून तिच्या चाचण्याही झाल्या आहेत. यंत्र दाब अचूक सांगते. फटाके घेऊन 1200 मीटर मागे जाण्याचे काम मात्र त्यामुळे सहायक चालकाकडे येते, आणि त्याला ते गाडीच्या पुढल्या टोकापासून, सबंध मालगाडीची लांबी तुडवून करावे लागते.