वाट : चाकाची आणि पायाची

कार्तिकी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात मांजरसुंब्याच्या फाट्यावर घटकाभर थांबलं, तर एकाच रस्त्यावर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. लातूर-नांदेडकडून, कर्नाटकाच्या शिवेपलीकडून पायी आलेल्या दिंड्या कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीकडे निघालेल्या असतात. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबंही याच सुमाराला घर सोडतात. कुणी ट्रॅक्टरवर, कुणी टायरच्या बैलगाडीत बिऱ्हाड घालून कारखान्याची वाट धरतात. एकांचे पाय, दुसऱ्यांची चाकं, आणि दोघांच्याही तोंडी शब्द तोच : वाट.

या शब्दाचं कूळ मला फार आवडतं. वाट म्हटल्यावर आपल्याला पाऊल आठवतं, पण घराण्याच्या मुळाशी निघतं चाक. मूळ संस्कृत शब्द ‘वर्त्मन्’. त्याचा धातू ‘वृत्’, म्हणजे फिरणं, वळणं, गरगरत पुढे जाणं. वर्तुळ आणि आवर्तन ही त्याच घरची भावंडं. गाडीच्या चाकानं जमिनीवर उमटवलेली रेघ हा वर्त्मन्‌चा एक जुना अर्थ, आणि रस्ता हा दुसरा. प्राकृतात त्याचं ‘वट्ट’ झालं, मराठीत ‘वाट’ आणि हिंदीत ‘बाट’.

मराठीत मात्र हा शब्द चाकावरून उतरून चालायला लागला. वाटसरू, वाटाड्या, आडवाट, वाट चुकणं, वाट पाहणं, यांत गाडी कुठेच नाही. त्यामुळे चाकाच्या खुणेसाठी मराठीला दुसरा शब्द घडवावा लागला, ‘चाकोरी’. बैलगाड्या जाऊन जाऊन मातीत पडलेले ते दोन समांतर खोल चर. पुढे ‘पायवाट’ही घडली. शब्दाच्या पोटातलं चाक कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. नाहीतर मुळात चाकाची असलेली वाट पायाला जोडून आपण बोललो नसतो. सायकल आली तेव्हा तिला ‘पायगाडी’ म्हणणारे लोक होते. हा शब्द मागे पडला याची मला हळहळ वाटते. पायगाडी आणि पायवाट शेजारी ठेवले की पाय आणि चाक यांचा जुना संसार एकदम उजेडात येतो.

डोंगराच्या नावातही अशीच सरमिसळ आहे. कपिलधार ज्या डोंगररांगेत आहे ती बालाघाट. ‘बाला’ हा फारसी शब्द, अर्थ वरचा, ‘घाट’ आपला. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट, खालचा तो पाईनघाट. मोगली कारभारात वऱ्हाडचे असे दोन भाग धरलेले होते. मराठीत घाट म्हणजे डोंगर चढून जायची वाट. युरोपीय लोकांनी मात्र चढणीचं नाव अख्ख्या डोंगराला दिलं आणि सह्याद्रीचा ‘वेस्टर्न घाट’ झाला. आपण ते नाव भाषांतर करून परत घेतलं, ‘पश्चिम घाट’. वाटेवरून डोंगर ओळखला जावा, ही चूक असली तरी मला ती गोड वाटते.

आता चाकाकडे. 12 जून 1817 रोजी जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल फॉन ड्राइस यांनी एकामागे एक दोन लाकडी चाकं लावलेलं वाहन चालवलं. त्याला पायडल नव्हतं. बसायचं आणि पायांनी जमीन मागे रेटायची. पाय आणि चाक एकाच रेघेवर! पायडल आलं 1860च्या दशकात, सारख्या उंचीच्या चाकांची आणि साखळीची स्टार्लींची ‘रोव्हर’ 1885मध्ये, डनलॉप यांचा हवा भरलेला टायर 1888मध्ये. यानंतर सायकलीला सपाट रस्त्याची गोडी लागली आणि पायवाट तिच्यापासून दुरावली.

तिला परत डोंगरात नेलं कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. 1970च्या दशकात ही मुलं जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली शोधून त्या डोंगरातल्या मातीच्या वाटांवर घालत. 21 ऑक्टोबर 1976ला फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी उताराची शर्यत लावली. सुमारे सव्वातीन किलोमीटरच्या वाटेत चारशे मीटरची उतरण. मागच्या चाकाच्या आसात बसवलेला ब्रेक खाली पोचेपर्यंत इतका तापे, की आतलं ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक फेरीनंतर आस उघडून नवं ग्रीस भरावं लागे. त्यावरून त्या वाटेचं नाव पडलं ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणं. एका वाटेला दुरुस्तीच्या कामाचं नाव मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. त्यांच्यातल्या जो ब्रीझ यांनी 1977मध्ये खास या कामासाठी नवा सांगाडा घडवला. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 1979मध्ये ‘माउंटनबाइक्स’ नावाचं दुकान काढलं आणि या सायकलीला नाव मिळालं. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला.

या कुळातली एक अलीकडची वाट मला सर्वांत जवळची वाटते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा म्हणजे पावसाचं आगर. सगळीकडे दाट ओलं अरण्य. याच किनाऱ्यावर पापारोआ डोंगररांग आहे. तिच्या पोटातल्या पाइक रिव्हर कोळसाखाणीत 19 नोव्हेंबर 2010ला स्फोट झाला आणि 29 माणसं गेली. त्यांची आठवण म्हणून या डोंगरातून सुमारे 55 किलोमीटरची पापारोआ वाट बांधली, ती 2020मध्ये खुली झाली. त्या देशातल्या नावाजलेल्या मोठ्या पायवाटांमधली ही पहिली, जी चालणारा आणि सायकलवाला अशा दोघांना धरून आखली. गेलेल्या माणसांसाठी डोंगरातून वाट काढावी आणि लोकांनी तिच्यावरून येत राहावं, हे कपिलधारच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या मन्मथस्वामी या वीरशैव संताकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं पायीच येत आली आहेत.

अशी वाट आखणाऱ्यांची खरी झुंज असते पाण्याशी. उतारावर सरळ खाली पाडलेली वाट पहिल्याच पावसात ओहोळ होते. मग माणसं तिच्या कडेनं चालतात, दुसरी वाट पडते, तीही वाहून जाते. म्हणून जाणकार वाट उताराला आडवी नेतात. वाटेचा चढ बाजूच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त होऊ देत नाहीत. तिची दरीकडची कड किंचित खाली ठेवतात, आणि मधेमधे वाटेला हलकी बुडी देतात, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता तिथल्या तिथे आडवं उतरून जातं. बीडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटायचं नाही. दुष्काळी डोंगरावर सलग समतल चर खणताना त्यानं हेच उतार मोजलेले असतात. चरात पाणी अडवायचं असतं, वाटेवरून सोडून द्यायचं. हात मात्र तेच लागतात, आणि ते हात इथे आहेत.

पाणी आणि उताराची ही झुंज कपिलधारचा धबधबाही सांगतो. बालाघाट म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. कठीण काळा थर टिकतो, खालचा मऊ झिजतो, आणि पाणी कड्यावरून कोसळतं. त्या कठीण खडकावर पडलेली वाट मजबूत असते, मुरमावरची भुसभुशीत. इथल्या सीताफळाच्या झुडपांतून शेळ्यांनी पाडलेल्या वाटा पाहाव्यात. त्या कधीच सरळ उतरत नाहीत. उताराला आडव्या, वळणं घेत, खडक धरून जातात. टॅमलपायसच्या मुलांना धूर काढून शिकावं लागलं ते इथली शेळी रोज करते.

या वाटांवरून कुणी सायकल चालवायचं ठरवलं, तर माझी एकच विनंती आहे. मूळ रेघ शेळीची आणि दिंडीची राहू द्यावी, तिला रुंद करू नये. श्रावणात ती गवताखाली पार बुजून जाते. कार्तिक लागला की आधी एखादा गुराखी तिच्यावरून जातो, मग कुठलीशी म्हातारी कपाळाला भस्म लावून काठी टेकत येते, आणि गवत बाजूला होतं.