दुष्काळी कामावरचा संप आणि सरकारची जबाबदारी

आपल्या जुन्या कागदपत्रांत 'अस्मानी सुलतानी' हा जोडशब्द वारंवार भेटतो. रयतेने अमुक वसूल द्यावा, मात्र अस्मानी सुलतानी झाल्यास सूट मिळेल, असा त्या कौलाचा सूर असे. लिहिणाऱ्याने पावसाचे न येणे आणि फौजेचे अंगावर येणे ही दोन्ही एकाच मापात घातली, कारण शेतात उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखीच. दोहोंवरही त्याचा इलाज नाही. पुढे मात्र या जोडशब्दाचा उलटा उपयोग होऊ लागला. सुलतानाला जाब विचारावयाची वेळ आली, की तो अस्मानाकडे बोट दाखवू लागला. अस्मानी कोठे संपते आणि सुलतानी कोठे सुरू होते, हे ठरवावयाचे कसे, हा आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. आणि त्यासाठी आम्ही १८७६-७७ चा दख्खनचा दुष्काळ घेतला आहे.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत जास्त झाले. तेव्हा इतिहासपंडिताची शिस्त आमच्याकडे कोणी शोधू नये. परंतु हजेरीपट, मजुरीचा दर, कामाचे माप या गोष्टी आम्हांला वाचता येतात. आणि या दुष्काळाचा अर्धा इतिहास हजेरीपटातच आहे.

१८७६ साली पावसाने दगा दिला. सोलापूर, कलादगी म्हणजे आजचा विजापूरकडचा मुलूख, नगर, पुणे, सातारा, बेळगाव, धारवाड, सगळीकडे पीक बसले. मुंबई सरकारने मजुरीची कामे काढली. रस्ते, तळी, आणि नगर जिल्ह्यात दौंड-मनमाड रेल्वेचा मातीचा भराव. लोक कामावर आले. येथपर्यंतची गोष्ट अस्मानी. पुढची गोष्ट कलकत्त्यात सुरू होते.

हिंदुस्थान सरकारला खर्चाची धास्ती वाटत होती. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना अफगाण सरहद्दीची काळजी होती, आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस थाटाचा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस कैसर-इ-हिंद जाहीर करावयाचे होते. त्याच सुमारास दुष्काळी मुलखाची पाहणी करून खर्चास आळा घालण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांस पाठविण्यात आले. हे गृहस्थ नवखे नव्हते. १८७३-७४ मध्ये बिहार-बंगालमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा तेथला बंदोबस्त त्यांच्याच हाती होता. त्यांनी ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणविला, गावोगाव पोचविला, आणि भुकेने मेलेल्यांची सरकारी नोंद झाली अवघी तेवीस. एवढे मोठे काम त्या शतकात क्वचितच झाले. पण कौतुकापेक्षा अधिक त्यांच्या वाट्याला आला तो उधळेपणाचा ठपका. विलायतेतील वर्तमानपत्रे म्हणाली, की या माणसाने रयतेस फुकट खावयाची सवय लावली.

हा ठपका मनात घेऊन टेंपलसाहेब दख्खनेत आले आणि त्यांनी दर ठरविला. पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा. बाईला आणि कामकरी मुलाला त्याहूनही काही कमी. याच्या बदल्यात दिवसभर उन्हात कष्टाचे काम. जवळची लहान कामे कमी करून लोकांना इमारत खात्याच्या दूरच्या मोठ्या कामांवर पाठवावे, अशीही योजना होती. घरापासून दहा मैल जावयास जो तयार होईल तोच खरा गरजू, असा हिशोब. म्हातारी आई, तान्हे मूल आणि एखादे उरलेले जनावर यांना सोडून दहा मैल जावयास जो कचरतो, तो गरजू नव्हे! ही कसोटी ज्याने काढली त्याने कधी गाव सोडले नसावे.

एक रत्तल म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. हा शिधा माती वाहणाऱ्या माणसाला पुरतो की नाही, हा वाद त्या वेळीच झाला, आणि तो सरकारच्या घरातच झाला. मद्रास इलाख्याचे आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. कॉर्निश यांनी स्पष्ट सांगितले, की कष्टकऱ्याला किमान दीड रत्तल धान्य आणि त्याबरोबर डाळ-भाजी हवी. तुरुंगातील कैद्याला याहून अधिक खावयास मिळते, हेही दाखवून देण्यात आले. कॉर्निश यांनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा मद्रास सरकारने १८७७ सालीच शिधा सव्वा रत्तलापर्यंत नेला आणि वर थोडी डाळ दिली. कॉर्निश हेही सरकारी नोकरच होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वरून आलेला हुकूम पाळणे एवढेच नोकराच्या हाती असते, हा बचाव त्यांच्यामुळे लंगडा पडतो.

आणि मुंबई इलाख्यात? येथे डॉक्टरच्या आधी मजूर बोलले. नवा दर लागू होताच, १८७७ च्या जानेवारीपासून, लोक कामे सोडून जाऊ लागले. एका ठिकाणी नव्हे, जिल्ह्याजिल्ह्यांत. लाखाच्या घरात माणसे कामावरून उठली. मुंबईच्या गिरण्यांत युनियन निघण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. भरलेल्या पोटाने संप करणारा माणूस आम्ही रोज पाहतो. त्यात गैर काही नाही. पण घरात दाणा नाही, गावात पाणी नाही, आणि हातातले एकमेव काम सोडून माणूस चालता होतो, त्याने आत काय तोलले असेल? एक रत्तलावर राबून सावकाश मरण्यापेक्षा घरच्या उंबऱ्यावर पडलेले बरे, असेच काही तरी. अनेकांनी निजामाच्या मुलखाची, वऱ्हाड-खानदेशाची वाट धरली.

सरकारने याचा अर्थ दोन प्रकारे लावला, आणि दोन्ही अर्थ आमच्या धंद्यातल्या माणसाला तोंडपाठ आहेत. पहिला असा, की ज्या अर्थी हे लोक काम सोडून जाऊ शकतात त्या अर्थी त्यांना मदतीची गरजच नव्हती. दुसरा असा, की यांना बाहेरच्यांनी चिथावले. बाहेरचे म्हणजे पुण्याची सार्वजनिक सभा.

सभेबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण आपल्या या ज्ञानसत्राची परंपराही त्याच माणसांकडे जाते. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती न्यायमूर्ती रानडे यांनी, आणि दुसऱ्याच वर्षी दुष्काळ आला. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे बळ म्हणजे रानड्यांची बुद्धी आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांची पायपीट. या सभेचा एक नियम आम्हांला फार आवडतो. सभासद होण्यासाठी नुसती वर्गणी पुरत नसे. निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो हे कागदावर दाखवा, मग बोला. या सभेने दुष्काळी मुलखात आपली माणसे पाठविली, गावोगावची हकिगत गोळा केली आणि ती छापून सरकारपुढे टाकली. दिल्ली दरबारातही सार्वजनिक काका सभेच्या वतीने गेले होते, हाताने विणलेल्या खादीच्या पोशाखात. जडजवाहिराने मढलेल्या संस्थानिकांच्या त्या मेळ्यात ते कसे दिसले असतील याची कल्पना करावी.

तर चिथावणीचा आरोप. सभेच्या लोकांनी मजुरांची बाजू घेतली हे उघड आहे. त्यांनी ती लपविली नाही. पण लाखभर भुकेल्या माणसांना पुण्याच्या चार वकिलांनी उठवले, असे ज्याला वाटते त्याने एकदा तरी एका फाटकावर संप पुकारून पाहावा. दर कमी झाल्याचे पोटाला कळते. त्यासाठी व्याख्यान लागत नाही.

आता मूळ प्रश्न. जबाबदार कोण? मामलेदाराला विचारावे तर त्याला कलेक्टरचा हुकूम. कलेक्टरला मुंबई सरकारचा, मुंबईला कलकत्त्याचा, कलकत्त्याला लंडनच्या भारतमंत्र्याचा. आणि या सगळ्यांच्या वर बाजार. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, भाव आपोआप धान्य ओढून आणील, ही लिटन यांची ठाम श्रद्धा. भावाने धान्य ओढले हे खरे, पण ज्याच्या हातात पैसा त्याच्याकडे. दुष्काळाच्या याच काळात हिंदुस्थानातून सव्वातीन लाख टनांच्या जवळपास गहू विलायतेस गेला. ब्रिटिश मुलखात मेलेल्यांचा त्या काळचा अंदाज पंचावन्न लाखांच्या आसपास आहे. पुढील अभ्यासकांचे आकडे त्याहून मोठे आहेत.

काही लोक सगळे पाप टेंपल यांच्या माथी मारतात. आम्हांला ते पटत नाही, आणि त्यांना सोडून द्यावे असेही वाटत नाही. बिहारचे टेंपल आणि दख्खनचे टेंपल हे एकच गृहस्थ. तीन वर्षांत त्यांचे काळीज बदलले नव्हते. त्यांना काय विचारले जाईल हे बदलले होते. बिहारात खर्चाचा जाब विचारला गेला. माणसे मेली तर त्याचा जाब विचारणारा कोणी वर बसलेला नव्हता. १८७७ च्या वसंतात ते मुंबईचे गव्हर्नर झाले. ही नेमणूक बक्षीस होती असे आम्ही म्हणत नाही. शिक्षा तर ती नव्हतीच. सरकारच्या कारभारात जबाबदारी म्हणजे कोणत्या चुकीबद्दल कोणाला जाब द्यावा लागतो एवढीच गोष्ट असते, आणि दख्खनचा मजूर हजेरीपटाबाहेर पडला तेव्हा त्याने जाब विचारणाऱ्याची रिकामी जागा स्वतः भरून काढली.

त्याचा उपयोग काय झाला? १८७८ साली दुष्काळ कमिशन नेमले गेले, अध्यक्ष रिचर्ड स्ट्रेची. १८८० च्या त्याच्या अहवालात म्हटले आहे, की काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला दीड रत्तल पीठ लागते. म्हणजे तीन वर्षांपूर्वी कामावरून उठलेल्यांचा हिशोब बरोबर होता. तो कबूल करून घेण्यापूर्वी ते मात्र हयात राहिले असतील की नाही कोण जाणे. दरसाल दीड कोटी रुपये बाजूला काढून दुष्काळनिधी उभारण्याचे वचनही दिले गेले होते. त्यासाठी कर बसले. पैसा अफगाण लढाईच्या दिवसांत दुसरीकडे वळला.

कमिशनच्या अहवालातून १८८३ साली दुष्काळी कायदा, ज्याला फॅमिन कोड म्हणत, तयार झाला. पाटील-कुलकर्ण्यापासून कलेक्टरपर्यंत कोणी केव्हा काय करावयाचे, ते त्यात लिहिलेले. १८९६ चा दुष्काळ आला तेव्हा टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने हा कोड लोकांपुढे नेला. सरकारनेच लिहिलेले सरकारला वाचून दाखवा, हे धोरण. सरकारला ते इतके झोंबले, की मार्च १८९७ मध्ये सभेशी असलेला संबंध त्याने तोडून टाकला. कायदा लिहून ठेवणे आणि लोकांनी तो वाचणे यांत फरक आहे, हे सरकारला उशिरा उमगले.

परंतु कोडात एक भोक होते. दुष्काळ आहे असे जाहीर झाल्याखेरीज त्यातली बरीच कलमे हालत नसत, आणि जाहीर करणार कोण? ज्याला खर्च करावयाचा आहे तोच. याचे फळ १९४३ साली बंगालने भोगले. लाखो माणसे रस्त्यावर पडत असताना तेथील सरकारने कोडाखाली दुष्काळ जाहीरच केला नाही, कारण जाहीर केला तर ठरलेला शिधा द्यावा लागला असता आणि तेवढे धान्य हाताशी नव्हते. चौकशी समितीने मृत्यूंचा आकडा पंधरा लाख दिला. नंतरचे अभ्यासक तीस लाखांपर्यंत जातात.

स्वराज्यात हे भोक बुजले असे कोणी समजू नये. १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायदा करून राज्यातील कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्दच काढून टाकला. त्याच्या जागी टंचाई. नऊ वर्षांनी, १९७२ मध्ये, त्या टंचाईने महाराष्ट्र भाजून निघाला. लोक लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन जगले. जमीनदार आणि भूमिहीन एका रांगेत खडी फोडावयास बसले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. हे येथे न्यायाने सांगितले पाहिजे, की १८७७ ची प्रेते १९७३ ला दिसली नाहीत. निवडून आलेल्या सरकारला मताची भीती असते, आणि विधिमंडळात, वर्तमानपत्रांत, मोर्च्यांत त्याला रोज विचारणारे होते.

त्यातून रोजगार हमी आली. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव भागात ज्याचा प्रयोग केला होता, त्याचा १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. येथे प्रथमच गोष्ट उलटी झाली. सरकारने जाहीर करावयाचे नाही; मजुराने मागावयाचे. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. भत्ता ठरला दिवसाला एक रुपया.

आमचे कार्यकर्ते सांगतात, की हा भत्ता मिळविणे खडी फोडण्यापेक्षा कठीण. त्यासाठी आपण काम मागितले होते हे मजुराला सिद्ध करावे लागते, म्हणजे मागणीच्या अर्जावर तारखेची पावती लागते. आणि काम न दिल्याचा ठपका ज्याच्यावर यावयाचा, पावतीवर सही त्याच कचेरीची. कारकून अर्ज घेतो, बाजूला ठेवतो, आणि म्हणतो, बाई, तुम्ही जा, काम निघाले की कळवू. तेव्हा त्या बाईने टेबलाजवळून हलावयाचे नाही, एवढेच आम्ही गावोगाव शिकवितो. तारीख आणि शिक्का पडेपर्यंत.