पुसलेली छायाचित्रे परत मिळतात का?

लग्नाची छायाचित्रे संगणकावर उतरवण्यापूर्वीच कॅमेऱ्यात चुकून ‘डिलीट ऑल’चे बटण दाबले गेले, तर सारे संपले असे मानू नये. बहुतेक कॅमेरे छायाचित्र प्रत्यक्ष खोडत नाहीत. मेमरी कार्डावरील अनुक्रमणिकेत ती जागा मोकळी झाल्याची नोंद तेवढी करतात. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ माहिती तशीच राहते. म्हणून कार्ड तातडीने काढून बाजूला ठेवावे. ‘कार्ड चालते का पाहू’ म्हणून आणखी एक छायाचित्र काढण्याचा मोहच पुष्कळदा नडतो.

त्यानंतर कार्ड रीडरने ते संगणकाला जोडून ‘फोटोरेक’सारखे मोफत सॉफ्टवेअर चालवावे. ते अनुक्रमणिकेवर विसंबत नाही, फाइलच्या आरंभीच्या खुणा शोधते. त्यामुळे छायाचित्रे मिळाली तरी त्यांची मूळ नावे बहुधा मिळत नाहीत. सापडलेल्या फाइल संगणकावरच साठवाव्यात, त्याच कार्डावर कदापि नाही.

मोबाइलच्या अंतर्गत मेमरीत हा उपाय सहसा चालत नाही, कारण तेथील माहिती कूटबद्ध असते. तेथे आधी कचरापेटी पाहावी. आयफोनमध्ये पुसलेली छायाचित्रे साधारण 30 दिवस राहतात. ‘गुगल फोटोज’मध्ये बॅकअप घेतलेली 60 दिवस.

जुने कार्ड विकणाऱ्याला मात्र हीच सोय घातक ठरते. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढावी. वेळ अधिक लागतो, पण व्हिस्टापासूनच्या आवृत्त्यांत संपूर्ण कार्डावर शून्ये लिहिली जातात.