दुष्काळाचा चित्रकार

अन्यायाविरुद्ध कलेचें शस्त्र करावें कीं नाहीं, हा वाद जुना आहे. परंतु ज्याचें दुःख चित्रांत उतरवावयाचें, त्या माणसाशीं चित्रकारानें कसें वागावें, हा प्रश्न त्याहूनहि नाजूक होय. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळानें तो चित्तप्रसाद भट्टाचार्य या तरुण चित्रकारापुढें उभा केला.

१९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला आणि तिकडील तांदूळ बंद झाला. शत्रूस उपयोगी पडूं नयेत म्हणून सरकारनें किनारी भागांतील होड्या काढून घेतल्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मेदिनीपूरवर भयंकर तुफान कोसळलें. तांदुळाचे भाव गरिबाच्या आवांक्याबाहेर गेले. भूक व रोगराई यांनीं सुमारें तीस लक्ष माणसें दगावलीं, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. तरीहि सरकारनें दुष्काळ रीतसर जाहीर केला नाहीं.

कलकत्त्याच्या रस्त्यांवर झैनुल आबेदिन हलक्या कागदावर काळ्या शाईनें मरणोन्मुख माणसें रेखाटीत होते. चित्तप्रसाद नोव्हेंबर १९४३ मध्यें मेदिनीपूर जिल्ह्यांत हिंडले. ते कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते होते. तेव्हां हीं चित्रें म्हणजे निव्वळ प्रचार, असा आक्षेप सहज घेतां आला असता. त्याचें उत्तर त्यांच्या पद्धतींतच होतें. अनेक चित्रांखालीं त्यांनीं त्या माणसाचें नांव, गांव आणि हकीकत लिहून ठेविली. नांव लिहिलें कीं चित्रकाराचा हात बांधला जातो. पदरचें कांहीं घालण्याची सोय राहत नाहीं. ज्याला शंका येईल त्यानें त्या गांवीं जाऊन पाहावें! शिवाय उपाशी माणूस केवळ भुकेची खूण न राहतां कुणाची आई, कुणाचा बाप म्हणून समोर येतो.

तथापि एक टोचणी उरतेच. भुकेल्याला घांस हवा असतो, आणि रेखाटनानें त्या दिवशीं कोणाचें पोट भरलें नाहीं. चित्रकाराच्या हातीं साक्ष देणें एवढेंच होतें. ती साक्ष ‘हंग्री बेंगॉल’ या नांवानें मुंबईहून पुस्तकरूपानें निघाली, तेव्हां सरकारनें प्रती जप्त करून नष्ट केल्या. ज्या सत्तेला दुष्काळ हा शब्द नको होता, तिला हीं नांवें कशीं सोसावीं?

पुढें १९४६ पासून चित्तप्रसादांनीं मुंबईंतच दीर्घकाळ वास्तव्य केलें. १९७८ सालीं ते निवर्तले. त्यांच्या घरच्यांनीं त्या पुस्तकाची एक प्रत जपून ठेविली होती. तिच्यावरून २०११ सालीं पुस्तक पुनः छापलें गेलें, आणि मेदिनीपूरच्या त्या माणसांचीं नांवें पुन्हां वाचतां येऊं लागलीं.