गौलीगुड्यातलं ‘शारदा’चं वाचन आणि काही प्रश्न

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळातल्या एका सभासदाच्या गौलीगुड्यातल्या घरी आम्ही गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ मोठ्यानं वाचलं. पदं कुणी गायली, कुणी नुसती म्हटली. लग्नाचा प्रवेश संपल्यावर यजमानांच्या आत्या, वय ऐंशीच्या पुढचं, आतून म्हणाल्या, “हे सगळं खरं, पण त्या इंदिराकाकूला कुणी विचारलं का?” हा लेख त्या प्रश्नामुळं लिहिला.

नाटक १८९९ सालचं, किर्लोस्कर मंडळीनं रंगभूमीवर आणलेलं. त्याआधी आठ वर्षं, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला होता. मुलीचं वय दहाचं बारा झालं आणि तेवढ्यावरून पुण्यात रान पेटलं होतं. कथा सगळ्यांना पाठ आहे. पाऊणशे वर्षांचा श्रीमंत भुजंगनाथ, पैशाला हपापलेला कांचनभट, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित, आणि शारदा. आपण हसतो ते म्हाताऱ्याला. पण म्हाताऱ्याला मुलगी देतं कोण? ज्याच्या घरी चार पैसे आहेत तो देत नाही. ‘देज’ हा शब्द आमच्या घरात बायका दबक्या आवाजातच बोलत. माझ्या आजीचं लग्न बारावं लागायच्या आत बिजवराशी झालं, आणि तिच्या बापानं देज घेतलं होतं, एवढंच मला माहीत आहे. किती घेतलं ते कुणी सांगितलं नाही. विचारायचं धाडस मीही केलं नाही.

इंदिराकाकूचा या लग्नाला विरोध असतो. तिचं चालत नाही. शारदा नको म्हणते, तेही चालत नाही. लग्न मोडतं ते कोदंड वधूवर सगोत्र असल्याचं उघड करतो म्हणून! म्हणजे शास्त्राच्या आडकाठीवर मुलगी सुटली, तिच्या नकारावर नाही. देवलांनी हे जाणूनबुजून केलं असावं, असं माझं मत. त्या काळच्या प्रेक्षकाला पटेल असं दार त्यांनी उघडलं. पण सुटलेली मुलगी जाणार कुठं? ती नदीची वाट धरते, आणि तिथंही तिला वाचवून पदरात घेणारा कोदंडच. थोरल्या पिढीनं केलेलं तरुण पिढी निस्तरते, त्यातही पुरुषच. आणि शारदेच्या भूमिकेतही त्या काळी लुगडं नेसलेला पुरुष नट! आत्याबाईंचं म्हणणं बहुधा इथंच होतं.

पुष्कळांना वाटतं की १९२९ च्या ‘शारदा कायद्या’चं नाव या नाटकावरून पडलं. तसं नाही. ते अजमेरच्या हरबिलास सारडांवरून आलं. नाटकाशी जोड आपल्या कानानं घातली. मुलीला चौदा आणि मुलाला अठरा ही मर्यादा १ एप्रिल १९३० पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाली. सोलापूर ओलांडून निजामाच्या हद्दीत आलं की तो कायदा मागं राही.

आपल्या शेजारी मात्र बोलणं आधीच सुरू झालं होतं. गौलीगुड्याला लागून जांबागेत विवेकवर्धिनी. तिच्या थिएटरात नोव्हेंबर १९२१ मध्ये समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्ष धोंडो केशव कर्वे. त्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलेलं, १९१६ साली महिला विद्यापीठ काढलेलं. त्याच परिषदेत अल्लमपल्ली वेंकटरामाराव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले तेव्हा श्रोत्यांनी टाळ्या पिटून, गोंगाट करून त्यांना खाली बसवलं. इंग्रजी, उर्दू, मराठी चालत होतं, तेलुगू नाही. त्याच रात्री काही तेलुगू मंडळी जमली आणि आंध्र जनसंघाची सुरुवात झाली. आपल्या मंडळाच्या कागदांत परिषदेचा उल्लेख अभिमानानं येतो. या टाळ्यांचा येत नाही. यायला हवा. सुधारणा ऐकायला आलेल्यांनीच एका माणसाचं तोंड बंद केलं, आणि ते लोक आपलेच होते.

वाचन संपलं तेव्हा रात्र झाली होती. आत्याबाईंनी चहा पाठवला आणि मला विचारलं, “तुमच्या आजीच्या आईचं नाव काय होतं हो?” मला सांगता आलं नाही. पणजोबांचं येतं.